फिरंगी

फिरंगी : कोकण किनाऱ्यावरील मराठी कागदपत्रांत पोर्तुगीजांसाठी रूढ असलेले नाव. सर्व यूरोपीयांना मिळून ‘टोपीकर’ म्हणत. आज्ञापत्र या मराठी राजनीतिपर ग्रंथात (सुमारे १७१५) फिरंगी, इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच) व डिंगमार (डेन) यांची गणना टोपीकरांत केली आहे.

मूळ शब्द ‘फ्रँक’ हा होय. धर्मयुद्धांच्या काळात अरबांनी तो पश्चिम यूरोपातील सर्वच ख्रिस्ती लोकांना लावला, मग ते फ्रान्सचे असोत वा नसोत. प्रश्न आहे तो कोकणात कोणत्या वाटेने आला हा. चौल बंदरात अरब व्यापाऱ्यांची वस्ती दहाव्या शतकातच होती. तेव्हा खलाशांच्या तोंडून तो थेट उतरणे अशक्य नव्हे. परंतु अरबी रूपाच्या अंती ज आहे (इफ्रंज), फार्सीत ग (फरंग, फिरंग). मिसरी (इजिप्तच्या) बोलीत ज चा उच्चार ग होतो, म्हणून एवढ्यावरून निर्णय लागत नाही. तरीही दख्खनी सुलतानांच्या दफ्तरांतील फार्सीचा प्रभाव पाहता दुसरी, म्हणजे फार्सीची, वाट अधिक संभवनीय वाटते. गंमत अशी, की पोर्तुगीजांचे नाव मुसलमानी जगाकडून आले, तर त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची पोर्तुगीज भाषेतून : इंग्लेश–इंग्रज, ओलांदेश–वलंदेज. डिंगमार हेही बहुधा ‘दिनामार्का’वरून.

पोर्तुगीजांच्या ताब्यातील मुलूख तो फिरंगाण, जसे जंजिऱ्याच्या हबशांचे हबसाण. वसईच्या मोहिमेच्या (१७३७–३९) कागदांत ‘फिरंगी’ म्हणजे इंग्रज असे वाचणे ही ढोबळ चूक होय. सर्व गोऱ्यांना उद्देशून, तेही तुच्छतेने, होणारा वापर बराच अलीकडचा असून त्यावर हिंदीची छाया दिसते. मुळात शब्दाला शिवीचा वास नसावा : सरळ पात्याची विलायती तलवार ती फिरंग, आणि १६६० मध्ये चाकण लढवणाऱ्या किल्लेदाराचे नाव फिरंगोजी. उलट, भावप्रकाश या वैद्यकग्रंथातील (सोळावे शतक) ‘फिरंगरोग’ हे उपदंशाचे नाव कौतुकाचे म्हणता येणार नाही.

डेनांचे मुख्य ठाणे पूर्व किनाऱ्यावर तरंगंबाडीस होते. कोकणाच्या संदर्भात डिंगमार क्वचितच भेटतात. वलंदेजांची वेंगुर्ल्याची वखार आता ‘डच वखार’ म्हणून ओळखली जाते.