बाळाचं क्रोशाचं दुपटं (गोवा)

एका आकडीच्या सुईने टाक्यात टाका अडकवत हाताने विणलेलं, बाळाला गुंडाळायचं किंवा मांडीवर अंथरायचं छोटं पांघरूण म्हणजे क्रोशाचं दुपटं. गोव्यातल्या मराठी घरांत कोण त्याला बेबी शाल म्हणतं, कोण आता सरळ ब्लँकेटच. बारशाला नाहीतर बाळ-बाळंतिणीला बघायला जाताना न्यायची ही भेट. खरा क्रोशा मशीनवर होत नाही, दुकानात मिळतं ते बहुतेक क्रोशासारखं दिसणारं मशीनचं विणकाम असतं, त्यामुळे दुपटं हातात पडलं की घरातली म्हातारी आधी ते उलटं करून बघते.

क्रोशा हा शब्द फ्रेंच, अर्थ आकडी. पोर्तुगीज भाषेतही हाच शब्द चालतो. युरोपात १९व्या शतकात ही कला घराघरांत पोचली. गोव्यात लेस आणि क्रोशा हस्तकलांमध्येच मोजतात, ख्रिस्ती घरांत आल्टरवरच्या कापडाची किनार, टेबलक्लॉथ, बाप्तिझमाच्या बाळाची पांढरी शाल, आणि आमच्याकडे देव्हाऱ्यातले रुमाल, दाराचं तोरण आणि एकेकाळी टीव्हीवर घालायचा तो प्रसिद्ध त्रिकोण. माझी मावशी हे शेजारच्या ख्रिस्ती बाईकडे दुपारची बसून शिकली, ती कोकणीत सांगायची, ही मराठीत लिहून घ्यायची, आणि मध्ये सुई बोलायची.

टाके मोजकेच. सुरुवातीला साखळी (गोव्यात साखळी म्हटलं की डिचोली तालुक्यातलं गाव आठवतं, नव्या मुली हमखास हसतात), मग मुका खांब (सगळ्यात बुटका टाका), त्याहून उंच अर्धा खांब, आणि त्याहून उंच खांब. दोन सुयांच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर जिवंत असते, क्रोशात एकच फास, म्हणून सुई निसटली तरी फार नुकसान नाही, आणि उसवायला सोपं. दोरा मात्र जास्त खातो. व्हिडिओ बघून विणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवायची, ब्रिटिश नमुन्यातला डबल क्रोशा म्हणजे अमेरिकन नमुन्यातला सिंगल, एकाच नावाचे दोन टाके, त्यामुळे नमुना कुठला ते न बघता सुरू केलं तर ७५ सेंटिमीटरचं दुपटं भलत्याच मापाचं होतं. जपानी नमुने चिन्हांत असतात, त्यात ही भानगडच नाही.

दोऱ्याचं गोव्यात वेगळं गणित आहे. थंडीतही पणजीत रात्री पारा २० अंशांच्या आसपासच, आणि पावसाळ्यात वर्षाला साधारण ३,००० मिमी पाऊस, म्हणजे लुधियानाच्या लोकरीचं जाड ब्लँकेट इथे कपाटातच राहतं. ॲक्रिलिक स्वस्त, रंग भरपूर, पण घाम शोषत नाही आणि आगीजवळ वितळून कातडीला चिकटतं, न्हाणानंतर बाळाला धुरी द्यायची पद्धत ज्या घरात अजून आहे तिथे तर ते नकोच. माझ्या मते सुती दोरा, ८ प्लाय (म्हणजे मध्यम जाडीचा), ४ मिमीची सुई. एकाच लॉट नंबरचे (म्हणजे एकाच वेळी रंगवलेले) गुंडे एकदम घ्यायचे, मडगावला नाही मिळाले तर पणजीत बघेन म्हणणाऱ्यांच्या दुपट्यात मध्येच रंगाचा पट्टा उठतो.

मापाचं म्हणाल तर ७५ गुणिले ७५ सेंटिमीटर पुरे. हिशेब करून बघा, १० सेंटिमीटरला १६ मुके खांब धरले तर रुंदीला १२०, आणि १८ ओळी धरल्या तर लांबीला १३५, म्हणजे १६,२०० टाके. मिनिटाला १५ टाके पडले तरी १८ तास, आणि ते न उसवता, न चहा करता, दारावर कोणी न येता. म्हणून शहाण्या बायका अर्ध्या खांबात विणतात, हात भराभर पुढे सरकतो आणि कापड मऊही पडतं. पहिल्यांदा विणणाऱ्यांचं दुपटं हमखास वर निमुळतं होतं, कारण ओळीच्या टोकाचा टाका सुटतो, पहिल्या आणि शेवटच्या टाक्याला सेफ्टी पिन लावली की लक्षात राहतं (नंतर पिना मोजून काढा!). सुरुवातीची साखळी घट्ट पडली की खालची कड आखडते, तेवढ्यापुरती एक नंबर मोठी सुई घ्यायची. किनारीला एकाच टाक्यात ५ खांब घातले की शिंपला होतो, तिसऱ्या-शिंपल्या खाणाऱ्यांच्या देशात ही किनार आवडणारच.

एक अडचण अशी की बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही घरात आणू नये असं बरीच घरं मानतात, आणि विणायला तर महिना-दीड महिना लागतो. तोडगा सोपा, दुपटं विणणारीच्याच घरी राहतं आणि बारशाला बाहेर येतं. बाळाची आई विचारते काय विणतेस, ही सांगते टेबलक्लॉथ. रंगाबद्दल हल्ली कोणी फार बोलत नाही, गुलाबी-निळ्याचा हट्टही कमी झालाय, फक्त काळा रंग भेटीत खटकतो, बोरन्हाणाला मात्र तोच हौसेने घालतात.

जाळीची नक्षी फोटोत सुंदर दिसते पण लहान बाळासाठी ती चुकीची असं स्पष्टच सांगायला हवं. भोकांत बोटं अडकतात, सुटा धागा बोटाला गुंडाळला तर रक्त अडतं. म्हणून विण बंद हवी, झालरी, गोंडे, बटणं, मणी काही नको. दोऱ्याचं टोक गाठ मारून न कापता ५-६ इंच ठेवायचं नि सुईने उलटसुलट तीन दिशांना ओवायचं. झोपलेल्या बाळाच्या अंगावर तर दुपटं टाकायचंच नाही, अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटना पहिलं वर्षभर बाळाच्या झोपायच्या जागेत सुटं पांघरूण ठेवू नका असं सांगते. ते मांडीवर, किंवा बाळ जागं असताना जमिनीवर अंथरायला. देताना हे सांगायला संकोच वाटतो, तरी सांगायचं.

एवढ्याशा चौकोनांतून केवढं मोठं होऊ शकतं ते ३१ जानेवारी २०१६ ला चेन्नईत दिसलं, मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स या गटाने ११,१४८.५ चौरस मीटरचं ब्लँकेट जोडून गिनीज विक्रम केला. आपलं दुपटं त्यात अंदाजे २० हजार वेळा मावेल.

द्यायच्या आधी एकदा धुऊन घ्यायचं, सुती दोरा पहिल्या धुण्यात आटतो आणि रंगही सुटतो तर सुटू दे. ओलं दुपटं दोरीवर टांगू नका, स्वतःच्या वजनाने ताणतं, चटईवर सपाट पसरून पंख्याखाली वाळवा, जुलैत दोन दिवस लागतात आणि तरी कुबट वास जात नाही, ऊन पडलं की पुन्हा बाहेर काढायचं. आणि गोव्यात कपाट उघडलं की येणारा तो डांबराच्या गोळ्यांचा वास, तो या कपड्याला लागू द्यायचा नाही. त्या गोळ्यांतल्या नॅप्थॅलीनमुळे जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी असलेल्या तान्ह्या बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ वाढते. माझ्या ट्रंकेत अजून एक दुपटं आहे, मावशीने विणलेलं, कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेलं, एका कोपऱ्यात तिने एक खांब जास्त घातलाय आणि तो मी कधी उसवला नाही.