वाघ नव्हे, कासव

क्रोगनचे डोळे मी पहिल्यांदा नीट पाहिले ते कोथरूडला, बहिणीच्या घरी. दहावीची परीक्षा संपल्यामुळे भाचा दिवसभर ‘मास इफेक्ट’ हा व्हिडिओ गेम खेळत बसला होता. पडद्यावर क्रोगन नावाच्या परग्रहावरच्या जमातीतला एक अगडबंब प्राणी उभा होता. पाठीवर बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा, कपाळावर ढालीसारखं हाड, अंगावर जाड, चिवट कातडी. “मावशी, आख्ख्या आकाशगंगेत यांच्यासारखे लढणारे नाहीत. जन्मजात योद्धे!” भाचा म्हणाला. मी मात्र त्या डोळ्यांपाशीच अडकले होते. ते चेहऱ्याच्या दोन कडांना होते.

कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात वाघासमोर उभं राहिलं की त्याचे दोन्ही डोळे आपल्यावर रोखलेले असतात. एकच दृश्य दोन डोळ्यांना किंचित वेगळ्या कोनांतून दिसतं, आणि त्या फरकातून अंतराचा नेमका अंदाज येतो. झेप घेणाऱ्याला तो हवाच. चितळाचे डोळे डोक्याच्या बाजूंना. खाली मान घालून चरतानाही त्याला मागचं गवत हललेलं दिसतं. कोणीतरी येतंय हे वेळेत कळलं, की त्याचं काम झालं. क्रोगनची नजर २४० अंशांची आहे, असं खेळातल्या माहितीकोशात लिहिलंय. कारणही तिथंच दिलंय: त्यांच्या ग्रहावरचे शिकारी. म्हणजे आकाशगंगेतल्या सर्वांत भयंकर योद्ध्याचे डोळे सावजाचे आहेत!

त्या ग्रहाचं नाव टुचांका. ‘मास इफेक्ट’चा पहिला भाग बायोवेअर या कॅनडातल्या कंपनीनं २००७ मध्ये आणला. या मालिकेत टुचांका आपल्याला दिसतो तो पडक्या इमारतींचा आणि राखेचा. पण पूर्वी तिथं उथळ, गाळानं भरलेले समुद्र होते, त्या गाळात मुळं रोवून दाट जंगलं उभी होती, आणि त्या जंगलात जो तो दुसऱ्याला खायला टपलेला होता. बंदुकीचा शोध लागेपर्यंत क्रोगनांच्या मृत्यूचं पहिलं कारण ‘शिकाऱ्यानं खाल्लं’ हे होतं. त्यानंतर ते ‘गोळी लागून’ असं झालं. एवढ्या दोन नोंदींत खेळ लिहिणाऱ्यांनी एका जमातीचा इतिहास मांडलाय, आणि मला तो फार आवडतो.

अशा ठिकाणी टिकायचं तर पिल्लं भरपूर हवीत. क्रोगन मादी वर्षाला हजारापर्यंत अंडी देऊ शकते. इथवर सगळं जुळतं. खटकतं ते त्यांचं आयुष्य. क्रोगन हजार वर्षांहूनही जास्त जगतात. जिथं मृत्यू रोज दारात उभा असतो, तिथं इतकं लांब आयुष्य सहसा घडत नाही. स्टीव्हन ऑस्टड यांनी अमेरिकेतल्या सॅपेलो बेटावरच्या ओपोसम या पिशवीवाल्या प्राण्यांचा अभ्यास करून १९९३ मध्ये हे दाखवून दिलं. बेटावर त्यांना खाणारं जवळजवळ कोणी नव्हतं. तिथले ओपोसम मुख्य भूमीवरच्या भाऊबंदांपेक्षा सावकाश म्हातारे होत होते आणि त्यांना एका वेळी पिल्लंही कमी होत होती. उद्या कोणीतरी खाणारच असेल, तर शंभर वर्षं टिकणारं शरीर घडवण्यावर निसर्ग खर्च करत नाही.

मग क्रोगन चुकीचे लिहिलेत का? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण एक प्रश्न राहतो: शिकारी कोणाला खातो, मोठ्यांना की पिल्लांना?

डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आपल्याकडे डबक्यांत गप्पी मासे सोडतात. तेच गप्पी मूळच्या त्रिनिदादच्या ओढ्यांत राहतात. धबधब्याच्या खालच्या डोहांतला शिकारी मासा मोठे गप्पी खातो. तिथले गप्पी लवकर वयात येतात आणि बारीक बारीक पिल्लं भरपूर देतात. धबधब्याच्या वरचा मासा लहानसा, तो गप्पींची पिल्लं तेवढी गिळू शकतो. तिथले गप्पी उशिरा वयात येतात, त्यांना पिल्लं कमी होतात पण ती मोठी असतात. जॉन एंडलर यांनी १९७६ मध्ये खालचे गप्पी वरच्या ओढ्यात नेऊन सोडले. डेव्हिड रेझनिक आणि सहकाऱ्यांनी ११ वर्षांनंतरचा निकाल १९९० मध्ये छापला: त्यांची संतती वरच्यांसारखी झाली होती. तीस ते साठ पिढ्यांत आयुष्याचा सगळा आराखडाच पालटला.

आणि मोठं झाल्यावर कोणी हातच लावू शकत नसेल तर? पुण्याची पुष्कळ मंडळी मार्चमध्ये रात्रभर गाडी हाणत मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जातात, ती याचंच उत्तर पाहायला. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी वाळूत शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. पिल्लं पाण्याकडे धावतात तेव्हा खेकडे, घारी आणि पुढं मासे वाटच पाहत असतात. हजारातलं जेमतेम एखादं मोठं होतं, असा ढोबळ अंदाज आहे. पण जे मोठं होतं, त्याच्या पाठीवर ढाल असते आणि पुढं अनेक वर्षांचं आयुष्य. क्रोगनही तसेच. जाड कातडी आणि एक अवयव निकामी झाला तर काम चालवायला दुसरा, हे ज्याला लाभलं तो प्रौढ. अंड्यातून निघालेलं पिल्लू मात्र वाळूवर उघडं. भाचा त्यांना वाघ समजत होता. ती टुचांकाची कासवं आहेत.

हा हिशोब एकदा मनात बसला, की पुढचा इतिहास अंगावर येतो. शिकारी मागं हटले, पण अंडी हजारच राहिली. खेळातल्या कालपटानुसार इसवी सनापूर्वी १९००च्या सुमारास क्रोगनांनी अण्वस्त्रांनी आपलाच ग्रह जाळला आणि अणुहिवाळा आला. ही कल्पना खेळाची नाही. जळत्या शहरांची काजळी पाऊस पडतो त्या थराच्याही वर गेली, तर ती धुवून निघत नाही, वर्षानुवर्षं ऊन अडवते, हे कार्ल सेगन आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलं. ज्या शहराचं धरण मान्सूनवर भरतं, तिथं हे मुद्दाम वाचावं, कारण जमीन तापली नाही तर मान्सूनचा जोरच जातो. चार हजार वर्षांनंतरही टुचांकाचे ढिगारे किरणोत्सारी दाखवलेत, ते मात्र मला पटत नाही. सीझियम आणि स्ट्रॉन्शियम तीसेक वर्षांत निम्मे होतात. एवढ्या काळात ते शंभराहून अधिक वेळा निम्मे झाले असते.

पुढं सॅलेरियन नावाच्या हुशार जमातीला स्वतःच्या युद्धासाठी सैनिक हवे होते. इसवी सन ८० मध्ये त्यांनी क्रोगनांना राखेतून उचललं आणि सुपीक ग्रहांवर नेलं. तिथं ना शिकारी, ना उपासमार. हजारांपैकी शेकडो पिल्लं जगू लागली. जागा अपुरी पडली, क्रोगनांनी शेजाऱ्यांचे ग्रह बळकावले आणि युद्ध पेटलं. उत्तर म्हणून सॅलेरियनांनी ‘जेनोफाज’ हा पिल्लं जगू न देणारा रोग बनवला आणि ट्युरियन या दुसऱ्या जमातीनं तो पसरवला. आता हजारांत एकच पिल्लू जगतं.

सॅलेरियन म्हणतात, जंगलात मुळात जे प्रमाण होतं, तेच आम्ही परत आणलं. आकडा मलाही वेळासचाच दिसतो. पण खेकडा वाळूवर जे सापडेल ते खातो, चपळ पिल्लू त्याच्या तावडीतून निसटतं, आणि पिल्लं कमी झाली तर खेकडेही कमी होतात. जेनोफाज निवड करत नाही, आणि क्रोगन कितीही उरले तरी थांबतही नाही. तो घरट्यातच शिरून बसलाय.

तो कायमचा टिकणारही नव्हता. ऑस्ट्रेलियात १८५९ मध्ये सोडलेल्या २४ सशांनी बराचसा देश व्यापल्यावर १९५० मध्ये त्यांच्यावर मिक्सोमा विषाणू सोडला. सुरुवातीला लागण झालेल्यांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक ससे मेले. काही वर्षांतच विषाणू सौम्य झाला आणि ससे चिवट झाले. क्रोगनांच्या शरीरातही असाच प्रतिकार उभा राहू लागला, आणि सॅलेरियनांनी नवा जेनोफाज बनवून गुपचूप पुन्हा सोडला. ते वाचून मी खेळ थांबवायला लावला होता.

तिसऱ्या भागात जेनोफाजवर उतारा द्यायचा की नाही, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं असतं. भाच्यानं मला विचारलं. मी म्हटलं, दे. पण आधी वही काढ. शिकारी नसलेल्या जगात त्यांची अंडी हळूहळू कमी होतील, गप्पींची झाली तशी. गप्पींना तीस ते साठ पिढ्या लागल्या. क्रोगनची एक पिढी पन्नास वर्षांची धरली तर?

त्यानं गुणाकार केला. दीड ते तीन हजार वर्षं. “एवढा वेळ त्यांना राहायचं कुठं?” त्यानं विचारलं, आणि आकाशगंगेचा नकाशा उघडून रिकामे ग्रह मोजायला बसला.