‘लो’, ‘ला’ आणि मुलांच्या भाषेतील अडचण

चित्रात एक मुलगा चेंडू फेकत आहे. चाचणी घेणारी व्यक्ती स्पॅनिशमध्ये विचारते, ‘मुलाने चेंडूचे काय केले?’ स्पॅनिशभाषक घरात वाढलेले पाच वर्षांचे मूल सहसा दोन शब्दांत उत्तर देते : ‘ला तिरो’. ‘तिरो’ म्हणजे ‘फेकला’, आणि ‘ला’ हे चेंडूऐवजी आलेले सर्वनाम. चेंडूसाठी स्पॅनिशमध्ये ‘पेलोता’ हे नाम आहे आणि ते स्त्रीलिंगी असल्यामुळे ‘लो’ न येता ‘ला’ येते. काही मुले मात्र नुसते ‘तिरो’ म्हणून थांबतात, काही ‘लो तिरो’ म्हणतात, आणि बरोबरीची मुले या चुकांच्या पुढे गेली तरी त्यांच्या बोलण्यातून त्या जात नाहीत. मराठी कानाला नुसते ‘फेकला’ हे उत्तर पूर्ण वाटते, कारण कर्म गाळण्याची मुभा आपल्या भाषेत आहे आणि चेंडूचे लिंग क्रियापदातूनच कळते. स्पॅनिशच्या बहुतेक बोलींत अशी मुभा नाही. म्हणूनच हा एका अक्षराचा शब्द तिथल्या वाचा-भाषातज्ज्ञांसाठी इतका महत्त्वाचा ठरला आहे.

श्रवणदोष, मेंदूची इजा किंवा ऑटिझम यांसारखे उघड कारण नसताना ज्या मुलांची भाषा घडण्यात मोठी आणि टिकून राहणारी अडचण येते, त्यांच्या स्थितीला आज विकासात्मक भाषा विकार म्हणतात. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत बालवाडीच्या वयातील सुमारे ७ टक्के मुलांमध्ये तो आढळला, म्हणजे तीस मुलांच्या वर्गात साधारण दोन. तरीही अशी मुले बहुधा ‘लाजाळू’, ‘आळशी’ किंवा ‘लक्ष न देणारी’ म्हणूनच ओळखली जातात.

या विकाराचा सर्वाधिक अभ्यास इंग्रजीत झाला आणि तिथे खूण सापडली ती क्रियापदात. मेबल राइस आणि केनेथ वेक्सलर यांनी १९९०च्या दशकात दाखवून दिले की, अशी मुले काळ दर्शवणारे प्रत्यय त्यांच्या वयाच्या इतर मुलांपेक्षा कितीतरी अधिक काळ गाळत राहतात. मात्र हीच खूण स्पॅनिशमध्ये शोधू गेल्यास ती फारशी हाती लागत नाही. लिसा बेडोर आणि लॉरेन्स लेनर्ड यांच्या अभ्यासांत असे दिसले की, स्पॅनिशभाषक मुलांची क्रियापदे तुलनेने बरीच शाबूत राहतात. त्यांत चूक झालीच तर प्रत्यय गळत नाही, जवळचे दुसरे रूप येते : ‘मुले खातात’ म्हणायचे असताना ‘लोस निन्योस कोमे’, म्हणजे अनेकवचनी कर्त्यापुढे एकवचनी क्रियापद. खरी पडझड नामाच्या आसपास दिसते. एल, ला, लोस, लास ही नामाआधी येणारी, इंग्रजीतील ‘द’सारखी उपपदे गळतात किंवा चुकीच्या लिंगाची येतात, विशेषणाचे लिंग-वचन नामाशी जुळत नाही, आणि सुरुवातीला पाहिलेली कर्माची सर्वनामे सुटतात.

असे का व्हावे, याचे एक पटण्याजोगे स्पष्टीकरण लेनर्ड यांनी मांडले आहे. त्यांच्या मते, जे व्याकरणचिन्ह कानावर क्षीणपणे आणि थोडाच वेळ पडते, ते या मुलांना पकडायला अधिक कठीण जाते. स्पॅनिश क्रियापदाचा शेवट बहुधा ठळक स्वराने होतो, आणि ‘तिरो’मध्ये तर आघातच त्या स्वरावर आहे, उपपदे आणि ही सर्वनामे मात्र आघातहीन असून पुढच्या शब्दाला चिकटून उच्चारली जातात. शिवाय स्पॅनिशमध्ये कर्म एरवी क्रियापदानंतर येते, पण त्याच्या जागी आलेले सर्वनाम काळ दाखवणाऱ्या क्रियापदाच्या आधी जाते, आणि त्याचे रूप निवडताना आधीच्या वाक्यातील नामाचे लिंग आणि वचन लक्षात ठेवावे लागते. एवढ्याशा ‘ला’मध्ये मुलाला किती गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात, हे पाहिले की त्याची चूक निष्काळजीपणाची वाटत नाही.

चाचणी मुलाच्या भाषेत नसली तर काय होते, याचा कटू अनुभव अमेरिकेने घेतला आहे. कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाच्या नऊ मुलांना इंग्रजीतील बुद्धिमापनाच्या आधारे मतिमंद मुलांच्या वर्गात घातले गेले होते. ‘डायना’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात १९७० साली तडजोड झाली आणि मुलांची चाचणी त्यांच्या घरच्या भाषेतही घेण्याचे राज्याने मान्य केले. १९७५च्या केंद्रीय कायद्यात हे तत्त्व देशभरासाठी आले. परंतु इंग्रजी चाचणीचे भाषांतर केल्याने प्रश्न सुटत नाही, कारण भाषांतरित चाचणी पुन्हा इंग्रजीतलेच कच्चे दुवे तपासत राहते. म्हणून पुढे दोन्ही भाषा बोलणाऱ्या, साधारण चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी जी चाचणी तयार झाली, तिच्या स्पॅनिश भागातील व्याकरणाचे प्रश्न स्पॅनिशमधूनच घेतले आहेत. त्यांत उपपदे आहेत, कर्माची सर्वनामे आहेत आणि ‘तू यावेस असे मला वाटते’ यासारख्या वाक्यांत क्रियापदाला येणारे वेगळे रूपही आहे. मूल दोनपैकी एका भाषेत जरी वयाला साजेसे बोलत असेल, तर विकाराचा निष्कर्ष काढला जात नाही. दोन भाषा कानावर पडल्याने हा विकार होत नाही, हे इथे स्पष्टपणे सांगायला हवे, कारण घरची भाषा सोडून देण्याचा चुकीचा सल्ला पालकांना अजूनही मिळतो.

स्पॅनिशही सगळीकडे एकसारखी नाही. कॅरिबियन बेटांवर आणि अंदालुसियात शब्दाच्या शेवटचा ‘स’ मोठी माणसेही सहज गाळतात, त्यामुळे तिथल्या मुलाने अनेकवचनाचा ‘स’ उच्चारला नाही तर ती चूक मानता येत नाही. एक्वादोरमधील कितोच्या आणि बास्क प्रदेशाच्या स्पॅनिशमध्ये तर कर्माचे सर्वनाम गाळणेही रूढ आहे. अमेरिकेत वाढणाऱ्या मुलांची स्पॅनिश इंग्रजीच्या दबावाखाली क्षीण होऊ लागली, की उपपदांच्या लिंगात निरोगी मुलांकडूनही चुका होतात. अशा वेळी एखाद्या चुकीवरून निदान करणे धोक्याचे असते.

म्हणून मुलाला गोष्ट सांगायला लावून तिचे ध्वनिमुद्रण तपासणे हा अधिक भरवशाचा मार्ग ठरला आहे. मारिया आदेलाइदा रेस्त्रेपो यांनी १९९८ साली मुख्यतः स्पॅनिश बोलणाऱ्या ६२ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला; त्यांपैकी निम्म्या मुलांना भाषेचा विकार होता. दोन्ही गट वेगळे ओळखण्यात दोन गोष्टी विशेष उपयोगी पडल्या. त्यांतली एक होती मुलाच्या दर वाक्यामागे होणाऱ्या व्याकरणाच्या चुकांची संख्या. दुसरीसाठी कोणतेही चित्र किंवा यंत्र लागले नाही. आपले मूल इतर मुलांच्या तुलनेत कसे बोलते, लोकांना त्याचे बोलणे कळते का, हे पालकांना विचारले गेले आणि त्यांची उत्तरे नोंदवून घेतली गेली.