रस्त्याच्या हिशेबातले बारा टक्के

राज्य महामार्गाच्या रुंदीकरणाचा प्रकल्प अहवाल गावात आला की लोक आधी नकाशा बघतात आणि आपले शेत कुठल्या साखळी क्रमांकावर येते ते शोधतात. शेवटाकडचे आर्थिक मूल्यमापनाचे प्रकरण सहसा कुणी उघडत नाही. वाहनगणती, इंधन, टायर, वेळ यांच्या तक्त्यांनंतर तिथे एक ओळ असते: आर्थिक परताव्याचा दर १२ टक्क्यांपेक्षा अधिक येत असल्याने प्रकल्प व्यवहार्य आहे. चाळीस वर्षांत गाड्या बदलल्या, डांबराची प्रत बदलली, मोजणीची यंत्रे बदलली, पण हा आकडा फारसा हलला नाही. तो कुठून आला आणि त्याने कुठल्या रस्त्यांना हात दिला, कुठल्या मागे ठेवले, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

फार मागे जायची गरज नाही. सार्वजनिक बांधकामाचा लोकांना किती उपयोग होतो हे मोजता येईल, असे फ्रान्समधल्या एका सरकारी अभियंत्याने १८४४ मध्ये मांडले. अमेरिकेने १९३६ च्या पूरनियंत्रण कायद्यात ‘लाभ कुणालाही होवो, तो खर्चापेक्षा जास्त हवा’ अशा अर्थाची अट घातली. आपल्याकडे त्या काळात रस्त्यांच्या बाबतीत लाभ-खर्चाचा हिशेब नव्हताच. १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसवून रस्त्यांसाठी निधी उभा राहिला, आणि १९४३ मध्ये नागपुरात जमलेल्या मुख्य अभियंत्यांनी वीस वर्षांचा आराखडा केला तो अंतरावर. शेतीच्या विकसित भागातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर नसावे, हे त्याचे सूत्र. कुठल्या गावाकडचा रस्ता किती परतावा देईल, हे त्यात कुणी विचारले नव्हते. इंग्लंडमध्ये लंडन ते बर्मिंगहॅम मोटारमार्गाचा गाजलेला लाभ-खर्च अभ्यास १९६० मध्ये छापून आला तोही रस्ता खुला झाल्याच्या पुढच्या वर्षी.

खरी सुरुवात १९७२ ची. त्या वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता. लाखो माणसे रस्त्याच्या कडेला उन्हात खडी फोडत होती. बायका पाटीत खडी भरत होत्या आणि ढीग मोजून मजुरी मिळत होती. त्याच वर्षी प्रकल्प-मूल्यमापनाची एक मार्गदर्शिका आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रसिद्ध झाली, तिच्या लेखकांत भारतीय अर्थतज्ज्ञ होते, आणि त्याच वर्षी दिल्लीत प्रकल्प तपासणारा स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्या मार्गदर्शिकेतला गाभ्याचा विचार असा की बाजारभाव नेहमी खरी किंमत सांगत नाही. दुष्काळात ज्या माणसाला दुसरे काहीच काम नाही, त्याला खडीवर लावले तर देशाचे दुसरे कुठलेच उत्पादन बुडत नाही. मग त्याची मजुरी कागदावर पूर्ण दिसली तरी समाजाच्या हिशेबात ती जवळजवळ शून्य. याला छाया किंमत म्हणतात. नगरच्या किंवा बीडच्या खडीच्या ढिगाजवळ उभ्या असलेल्या माणसाला ही गोष्ट पुस्तकाशिवायही कळत होती.

पण हिशेबात घालायला आकडे लागतात, आणि ते त्या वेळी केनियातल्या रस्त्यांवरचे होते. म्हणून १९७७ च्या सुमारास भारतात वाहनखर्चाचा मोठा अभ्यास हाती घेतला गेला आणि १९८२ मध्ये तो पूर्ण झाला. ट्रक आणि बस चालवणाऱ्यांकडून डिझेल, टायर, सुटे भाग आणि दुरुस्तीच्या नोंदी मिळवल्या गेल्या. वळणावळणाच्या घाटात गाडी किती डिझेल पिते, खडबडीत रस्त्यावर टायर किती लवकर झिजतो, याची समीकरणे बसवली. रस्त्याचा खडबडीतपणा मोजायला एका चाकाचा गाडा जीपमागे बांधून ताशी ३२ किलोमीटर वेगाने ओढत. चाक जितके उसळे तितकी नोंद वाढे. किलोमीटरमागे किती मिलिमीटर, असा तो आकडा निघे. रस्त्यांच्या आर्थिक मूल्यमापनाची भारतीय नियमावली १९९३ मध्ये आली तिचा कणा हाच अभ्यास. २००९ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. दरम्यान २००० मध्ये हिशेबाची नवी संगणक प्रणाली आली आणि तक्ते हाताने करण्याचे दिवस संपले.

मी स्वतः ऐन गळीत हंगामात अशा एका रस्त्याच्या वाहनगणतीवर बसलो आहे. सात दिवस, चोवीस तास, पाळ्या लावून. रात्री दोनला मांडवात कंदिलाच्या उजेडात रेघा मारायच्या, पाचवी रेघ आडवी. मग प्रत्येक वाहनाला वजन धरायचे: मोटारीला एक, दुचाकीला अर्धा, ट्रकला तीन. ऊस भरलेल्या बैलगाडीला आठ. कारण ती रस्ता अडवते, मागचे सगळे तिच्या चालीने चालतात. त्या आठवड्यात त्या रस्त्याची गर्दी बैलांनी ठरवली होती, आणि रुंदीकरणाचे सगळे गणित पुढे त्या रेघांवर उभे राहिले. तेव्हापासून मी या तक्त्यांकडे कोरडे आकडे म्हणून पाहू शकत नाही.

आता ते बारा टक्के. परताव्याची जी किमान पातळी, तोच दर पुढच्या वर्षांतला लाभ आणि खर्च आजच्या किमतीत आणायलाही वापरतात.

मराठी अहवालांत या दराला कुठे ‘सवलतीचा दर’ म्हणतात, कुठे ‘सूट दर’. दोन्ही शब्दांनी घोटाळा होतो, कारण वाचणाऱ्याला वाटते कुणाला तरी काहीतरी स्वस्तात मिळते आहे. आपल्याकडे याला चोख शब्द होता: वटाव. मुदती हुंडी, म्हणजे ठरल्या तारखेला पैसे देण्याची चिठ्ठी, मुदतीआधी वटवायला नेली की पेढीवाला रक्कम कापून घेई. जितकी मुदत लांब, तितकी कापणी जास्त. रस्त्याचा लाभ ही अशीच मुदती हुंडी आहे. विसाव्या वर्षी मिळणारा रुपया आज वटवायला नेला तर १२ टक्के दराने हातात साधारण १० पैसे पडतात. ९ टक्क्यांनी १८ पैसे, ६ टक्क्यांनी ३१ पैसे. हुंडी तीच आणि मुदतही तीच, तरी पेढी बदलली की किंमत तिप्पट होते.

दुसरा घोटाळा याहून खोल आहे. बँकेचे कर्जही साधारण याच आकड्याच्या आसपास मिळते, म्हणून बारा टक्के म्हणजे कर्जाचे व्याज, असा समज सरकारी कचेऱ्यांतही आढळतो. तो चुकीचा आहे. मूल्यमापन स्थिर किमतींवर होते, म्हणजे महागाई आधीच बाहेर काढलेली असते. महागाई ६ टक्के धरली तर हे १२ टक्के बँकेच्या भाषेत जवळपास १९ टक्के होतात. गावचा रस्ता १९ टक्क्यांच्या व्याजाशी झुंजतो आहे असे सांगितले तर किती जणांना ते पटेल?

आकडा आला तो असा. सत्तरच्या दशकात कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय बँकांनी विकसनशील देशांसाठी १० ते १२ टक्क्यांचा पट्टा धरला. भांडवल दुर्मीळ आहे, दुसरीकडे लावले तर इतके मिळाले असते, असा युक्तिवाद. त्या काळच्या भारतात तो गैर नव्हता. परकीय चलन तुटपुंजे होते, सिमेंटला परवाना लागे. पण पट्ट्याची खालची कड विसरली गेली आणि वरची चिकटली. नियमावलीत गेली, तिथून सल्लागारांच्या तयार तक्त्यांत गेली, आणि मग तिचे कारण विचारायची पद्धतच राहिली नाही.

परिणाम काय झाला हे डांबर आणि काँक्रीटच्या वादात दिसते. डांबरी रस्त्यावर दर पाच वर्षांनी एक कोटीचा नवा थर टाकावा लागतो असे धरा. पंचवीस वर्षांत पाच थर, पाच कोटी. १२ टक्क्यांच्या वटावाने आजच्या हिशेबात हे पाच कोटी १ कोटी २३ लाख होतात, ६ टक्क्यांनी २ कोटी २७ लाख. म्हणजे पुढचा देखभालीचा बोजा जितका जड वटावाने कापावा, तितका आज स्वस्त आणि उद्या उखडणारा रस्ता शहाणपणाचा दिसतो. काँक्रीट सगळीकडे योग्यच, असे माझे म्हणणे नाही. वादात दोन्ही बाजू भांडत होत्या मालाच्या गुणावर, आणि निकाल बराचसा आधीच दराने लावला होता.

कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या रस्त्यांना हे सर्वांत जास्त बोचले. दरडीसमोरची संरक्षक भिंत, उतारावरचे जादा गटार, मोठ्या गाळ्याची मोरी यांचा खर्च पहिल्या वर्षी होतो आणि उपयोग कधीतरी पंधराव्या, अठराव्या वर्षीच्या मोठ्या पावसात दिसतो. तो उपयोग बारा टक्क्यांनी कापला की शिल्लक काही उरत नाही. उलट वाचलेला वेळ फीत कापल्याच्या दिवसापासून जमेला येतो, म्हणून त्याचे पारडे जड. शिवाय वेळेचे मोल मिळकतीवरून काढतात, त्यामुळे मोटारीतल्या माणसाचा तास एस.टी.तल्या माणसाच्या तासापेक्षा महाग लागतो. पहाटेच्या एस.टी.ने तालुक्याच्या दवाखान्यात निघालेल्या बाईचा तास या तक्त्यात सगळ्यात स्वस्त असतो. मला हे अन्यायाचे वाटते, आणि ते सांगायला मी कचरत नाही.

आणि पर्याय समोर होता. १९८३ मध्ये पाटबंधाऱ्यांसाठी नेमलेल्या एका समितीने परताव्याची किमान पातळी ९ टक्के ठेवावी, दुष्काळी आणि डोंगरी भागासाठी ७ टक्के, असे सुचवले. म्हणजे दुष्काळी मुलखाचे पाणी वेगळ्या मापाने मोजावे हे तत्त्व देशाने मान्य केले होते. रस्त्याला ते कधी लावले नाही. माण-खटावमधल्या कालव्याला सात चालावेत असे समिती सांगते, आणि त्याच कालव्याच्या कडेने बाजारपेठेकडे जाणाऱ्या रस्त्याकडे बारा मागतात. कालव्याच्या पाण्यावर पिकलेला माल त्या रस्त्यानेच जायचा असतो, हे मात्र कुठल्या टिपणीत येत नाही.

नव्वदच्या दशकात खाजगीकरणातून रस्ते होऊ लागले आणि गुंता वाढला. मराठीत ‘आर्थिक’ हा एकच शब्द समाजाच्या लाभालाही वापरतात आणि ठेकेदाराच्या जमाखर्चालाही. पहिल्यात टोल धरतच नाहीत, कारण तो एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातो. इंधनावरचा करही वगळतात. दुसऱ्यात टोल हेच सगळे उत्पन्न. समाजाला १६ टक्के देणारा रस्ता ठेकेदाराला तोट्यात घालू शकतो. ही दरी भरायला केंद्राने २००६ पासून प्रकल्पखर्चाच्या २० टक्क्यांपर्यंत अनुदानाची सोय केली. टोलविरोधी आंदोलनांच्या काळात मात्र दोन्ही परतावे एकाच दमात बोलले गेले. २०१५ मध्ये राज्यातले १२ टोलनाके बंद झाले आणि ५३ नाक्यांवर हलक्या वाहनांना व एस.टी.ला सूट मिळाली. तो निर्णय चुकला असे म्हणणारे ठेकेदाराचा परतावा दाखवत होते, आणि बरोबर म्हणणारेही त्याच परताव्यावर बोट ठेवत होते. समाजाचा हिशेब, जो मूळ अहवालात तयार पडला होता, तो कुणी काढून वाचला नाही.

गावांच्या रस्त्यांनी या बाराला आधीच वळसा घातला होता. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या ग्रामसडक योजनेने लोकसंख्येची अट ठेवली: सपाटीवर ५००, डोंगरी आणि आदिवासी भागात २५०. परताव्याचा दर विचारला नाही. नागपूरच्या आराखड्याचीच ती जुनी रीत, साठ वर्षांनी परत आलेली.

ज्यांनी पट्टा आखला होता त्यांनीच शेवटी तो सोडला. २०१६ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय बँकेने ६ टक्के हा सर्वसाधारण दर धरावा असे आपल्या अधिकाऱ्यांना कळवले. २०१७ मध्ये आशियातल्या विकास बँकेने १२ वरून ९ वर आणला, आणि काही सामाजिक कामांसाठी ६ ठेवला. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या ३४ जिल्ह्यांतले सुमारे २,१०० किलोमीटर ग्रामीण रस्ते सुधारण्यासाठी या बँकेचे कर्ज मंजूर झाले तेव्हा ९ चा हाच नवा दर लागू होता.

आज एकाच तालुक्यात शेजारी शेजारी तीन रस्त्यांची कामे निघाली तर कर्जातून होणाऱ्या रस्त्याला ९ चा दर लागतो, जुन्या तक्त्यावर तपासलेल्या रुंदीकरणाला १२ चा, आणि ग्रामसडकेला कुठलाच नाही. अहवालाच्या अखेरीस संवेदनशीलतेचा तक्ता असतो: खर्च १५ टक्के वाढला तर काय, लाभ १५ टक्के घटला तर काय, दोन्ही एकदम झाले तर काय. तिथे चौथी ओळ घालायला अर्धा तासही लागत नाही: दर १२ ऐवजी ९ धरला तर काय, ६ धरला तर काय. आजवर माझ्या पाहण्यात आलेल्या एकाही अहवालात ती ओळ नव्हती.