सॉल्ट मार्श हार्वेस्ट माउस

सॉल्ट मार्श हार्वेस्ट माउस : कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठच्या खाऱ्या दलदलींत राहणारा इवलासा उंदीर. जगात इतरत्र तो कुठेही आढळत नाही. शास्त्रीय नाव रीथ्रोडॉन्टोमिस रॅव्हिव्हेंट्रिस. पहिले शास्त्रीय वर्णन १९०८ सालचे. वंशनामाचा अर्थ ‘खाचदार दातांचा उंदीर’. वरच्या पटाशीच्या दातांवर उभी खाच असते. घरातल्या उंदराच्या दातांवर ती नसते, पण शेजारी राहणाऱ्या वेस्टर्न हार्वेस्ट माउसला असते, त्यामुळे या दोघांत जाणकारांचीही फसगत होते.

प्रौढ उंदराचे वजन ८ ते १४ ग्रॅम. जातिनामात तांबूस पोटाचा उल्लेख असला तरी ते खरे दक्षिणेकडच्या उपजातीपुरते. सॅन पाब्लो आणि सुसून उपसागरांकडच्या उत्तरेच्या उपजातीचे पोट बहुधा पांढरट असते.

या प्राण्याची खरी नवलाई मिठाशी जुळवून घेण्यात आहे. उत्तरेकडची उपजात समुद्राचे पाणी पिऊन तग धरते, दक्षिणेकडची तर गोड्या पाण्यापेक्षा मचूळ पाणीच पसंत करते. इतका लहान सस्तन प्राणी हे साधतो याचे अप्रूप वाटल्यावाचून राहत नाही. निवारा आणि अन्न मुख्यतः पिकलवीड या मांसल, खारट वनस्पतीच्या दाट जाळीत मिळते. वावर रात्रीचा. उंदीर उत्तम पोहतो. आयुष्य मात्र तोकडे, बहुतेकांचे वर्षभराच्या आतच संपते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून उपसागराकाठी बांध घातले गेले. दलदलींच्या जागी शेते, मिठागरे, पुढे शहरे आली आणि भरतीच्या पाण्याची बहुतांश दलदल नाहीशी झाली. उरली ती तुकड्यातुकड्यांत. दक्षिण टोकाला शहरांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी मिसळून पाण्याचा खारेपणा उतरला, तशी पिकलवीडची जागा दुसऱ्या वनस्पतींनी घेतली. १९७० मध्ये अमेरिकेच्या केंद्र शासनाने आणि १९७१ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने या उंदराला संकटग्रस्त ठरवले.

सर्वांत बिकट वेळ हिवाळ्यातील मोठ्या भरतीची. जाळी बुडते आणि उंदराला उंच झुडपांच्या शेंड्यांवर भर दिवसा, उघड्यावर बसावे लागते. बगळे आणि शिकारी पक्षी त्याला तिथून टिपतात. पूर्वी दलदल संपून जमीन हळूहळू चढत जाई, पाण्याबरोबर प्राणीही वर सरकत. आता मागे उभा बांध आणि त्यापलीकडे वस्ती. समुद्राची पातळी वाढत असताना ही कोंडी आणखी घट्ट होते आहे. संवर्धनात पिकलवीडइतकेच महत्त्व या चढाच्या जागेला द्यायला हवे.

२००३ मध्ये सार्वजनिक ताब्यात आलेल्या दक्षिण उपसागरातील सुमारे १५,००० एकर मिठागरांपैकी बऱ्याच भागात बांध फोडून भरती पुन्हा आत घेतली जात आहे. काही ठिकाणी कडेचा उतार मुद्दाम लांबट ठेवून त्यावर स्थानिक झुडपे लावतात, म्हणजे पाणी चढले की उंदराला आडोशाने वर जाता येते.