गाडी उभी असताना डिझेलचं प्रेशर ओके, घाट लागला की गायब

पुण्याकडून साताऱ्याला येताना खंडाळा मागं पडलं की खंबाटकीची चढण सुरू होते, आणि लोड भरलेला ट्रक तिथंच मार खातो. सपाटीला मस्त पळणारी गाडी घाटात दुसऱ्या गिअरवर येते, पिकअप नाही, पाय पूर्ण दाबला तरी इंजिन वर जात नाही. मग ड्रायव्हर गॅरेजला नेतो, मिस्त्री गाडी उभ्या उभ्या रेस करून बघतो, गेज लावतो, काटा बरोबर. "प्रेशर तर ठीक आहे" म्हणून नोझल खोलायला घेतात, पंप उतरवतात, बराच खर्च होतो आणि पुढच्या खेपेला परत तोच घाट, तीच बोंब. माझं स्पष्ट मत आहे की डिझेलचं प्रेशर उभ्या गाडीत तपासून अर्धीच गोष्ट कळते, आणि ती अर्धी गोष्टच खर्चात पाडते.

यामागचं विज्ञान सोपं आहे. पंप प्रेशर तयार करत नाही, पंप फक्त डिझेल ढकलतो. पुढं अडथळा असेल तरच प्रेशर तयार होतं. किर्लोस्करवाडीच्या पंपांच्या जिल्ह्यात हे वेगळं सांगायला नको, उसाला पाणी देताना पाईपच्या तोंडावर अंगठा धरला की धार जोरात लांब जाते, मोटर तीच, पाणी उलट कमीच. ट्रकमध्ये अंगठ्याचं काम ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह करतो.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांमध्ये डिझेलचा रस्ता असा, टाकीतून फीड पंप ओढतो, फिल्टरमधून एफआय पंपाच्या (नोझलला जोरात डिझेल देणारा मुख्य पंप) गॅलरीत, म्हणजे त्याच्या आतल्या डिझेलच्या पोकळीत ढकलतो, आणि लागतं त्याच्यापेक्षा जास्तच ढकलतो. जादा डिझेल ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग उचलून रिटर्न लाईननं टाकीत परत. जाताना ते पंपातली उष्णता आणि हवेचे बुडबुडे पण घेऊन जातं, म्हणून रिटर्नला वाया गेलेलं डिझेल समजू नये. गॅलरीत प्रेशर साधारण 1 ते 2.5 बार असतं (1 बार म्हणजे गॅरेजच्या भाषेत जवळपास 1 किलो), पण इंजिनप्रमाणे आकडा बदलतो, तो त्या इंजिनच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचा.

आता एवढ्याशा 2 बारला इतकं महत्त्व का? इंजिन 2400 आरपीएमला फिरतंय धरा. फोर स्ट्रोक आहे, म्हणजे एका सिलिंडरला मिनिटाला 1200 वेळा, सेकंदाला 20 वेळा डिझेल द्यायचं. सहा सिलिंडर असतील तर सेकंदाला 120 वेळा. प्रत्येक वेळी प्लंजर (पंपातला वर-खाली होणारा दट्ट्या) खाली आला की पोर्ट उघडतं आणि त्या सेकंदाच्या बारीकशा तुकड्यात वरची जागा डिझेलनं पूर्ण भरली पाहिजे. मागून 2 बारचा रेटा असला की भरते. रेटा कमी पडला तर अर्धवट भरते, उरलेल्या जागेत वाफ नाहीतर हवा, मग प्लंजर वर जाताना आधी ती पोकळीच दाबत बसतो आणि सिलिंडरला डिझेल कमी जातं. यालाच आपण गाडी ओढत नाही म्हणतो.

आणि आता घाटाचं बघा. उभ्या गाडीत फुल रेस केली तरी गव्हर्नर (इंजिनचा वेग आवरणारा भाग) रॅक, म्हणजे पंपातली डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, मागं ओढून धरतो, कारण इंजिनला काही ओढायचंच नाही, त्यामुळं जळणारं डिझेल थोडंच. फिल्टर निम्मा चोक असला तरी जेवढं येतंय त्यातलं बरंचसं शिल्लक राहतं, ते व्हॉल्व्ह उचलतं आणि काटा छान वर दिसतो. घाटात रॅक पूर्ण पुढं. जळणारं डिझेल कितीतरी पटीनं वाढतं, शिल्लक संपते, व्हॉल्व्ह बंद होतो, आणि गॅलरीचं प्रेशर घसरत जातं.

म्हणून व्हॉल्व्हची स्प्रिंग ताणायची किंवा खाली वायसर टाकायचा जो उपाय सर्रास चालतो तो मला पटत नाही. घाटात प्रेशर पडलंय तेव्हा व्हॉल्व्ह आधीच बंद आहे, बंद व्हॉल्व्हची स्प्रिंग अजून कडक करून डिझेल कुठून येणार? फक्त उभ्या गाडीतलं रीडिंग वाढतं आणि मालकाला वाटतं काम झालं. स्प्रिंग खरंच थकलेली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा रिटर्नला भरपूर धार असते आणि तरी प्रेशर कमी असतं. तिथं नवा व्हॉल्व्हच टाकावा.

तपासायचं असेल तर फिल्टरच्या पुढं, पंपाच्या इनलेटला बॅन्जो बोल्टवर (मधून डिझेल जाणारा पोकळ बोल्ट) गेज जोडायचा, डिझेल झेपेल असा लांब होज घेऊन गेज काचेच्या बाहेरून टेपनं चिकटवायचा, केबिनच्या आत आणायचा नाही कारण होज फुटला तर डिझेल अंगावर. शेजारी एक माणूस बसवायचा, ड्रायव्हरनं काट्याकडं बघत घाट चढवायचा नाही. आयडलला किती, नुसत्या रेसला किती, आणि भरल्या गाडीला चढाला किती, तिन्ही लिहून घ्यायचे. चढाला पडलं तर दुसरा गेज फिल्टरच्या आधी लावायचा. आधी भरपूर, नंतर कमी, तर फिल्टर चोक. दोन्हीकडं कमी असेल तर फीड पंप नाहीतर त्याच्या मागची लाईन, म्हणजे टाकीतली जाळी, आतून चिकटलेला रबरी पाईप, किंवा टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं. शोधायची जुनी युक्ती चांगली आहे, टाकीची लाईन सोडून स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून फीड पंपाला द्यायचं, प्रेशर परत आलं तर दोष टाकीकडं.

सक्शन साईडला एक फसवी गोष्ट आहे. तिथं आतलं प्रेशर बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतं, त्यामुळं गाडी चालू असताना गळती असली तरी डिझेल बाहेर सांडत नाही, हवा आत ओढली जाते. पाईप कोरडा दिसतो आणि गाडी एअर धरत राहते. रिटर्नला पारदर्शक पाईपचा तुकडा लावला की बुडबुडे दिसतात.

नोझलचं प्रेशर हा वेगळा विषय, तिथं 200 ते 250 बारला सुई उचलते आणि ते टेस्टरवर शिम (पातळ चकती) किंवा स्क्रूनं सेट होतं, सगळ्या नोझलना सारखं. कमी ठेवलं तर नोझल लवकर उघडतं, थेंब जाड पडतात आणि काळा धूर येतो.

कॉमन रेलच्या गाड्यांना (एकाच जाड पाईपमध्ये जादा प्रेशरचं डिझेल साठवून सगळ्या नोझलना देणाऱ्या) मात्र फिरवायला स्क्रूच नाही. आयडलला 300 बारच्या आसपास, लोडवर 1600 बार आणि वर, हे सगळं ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सेन्सर बघून ठरवतो. तिथं स्कॅनरवर मागितलेलं प्रेशर आणि मिळालेलं प्रेशर शेजारी शेजारी ठेवून बघायचं, ते पण चढालाच. चढाला दोन्हीत फरक पडत गेला तर आधी फिल्टर आणि लो प्रेशर लाईन बघा, ती उपाशी असेल तर महागडा हाय प्रेशर पंप काय करणार.

आणि जुन्या गाडीत चालू इंजिनवर नोझलचा पाईप ढिला करून मिसिंग शोधायची सवय असते, ती कॉमन रेलला कधीच करू नका. 1600 बार म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर 1600 किलोच्या वर, त्या धारेला कातडी अडवू शकत नाही. गळती हात फिरवून शोधू नका, पुठ्ठा धरा, इंजिन बंद करून प्रेशर उतरेपर्यंत काही मिनिटं थांबून मगच पाना लावा. धार लागलीच तर जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, दुखत पण नाही सुरुवातीला, तरी तासभर सुद्धा न थांबता मोठ्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की प्रेशरचं डिझेल आत गेलंय, कारण ते बहुतेक वेळा ऑपरेशन करूनच काढावं लागतं आणि उशीर झाला तर बोट जातं.