यरुशलेमेत ‘सुईचे नाक’ नावाचा दरवाजा नव्हता

बायबलमधल्या मार्क 10:25 मध्ये येशू म्हणतो, धनवानाने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणे सोपे आहे. त्यावर उपदेशात वर्षानुवर्षे ऐकू येते: यरुशलेमेच्या तटाला ‘सुईचे नाक’ नावाचा ठेंगणा दरवाजा होता, ओझे उतरवून गुडघे टेकले की उंट आत जाई. तात्पर्य, नम्र झालात की प्रवेश मिळतो.

येशूच्या काळात असा दरवाजा असल्याचा पुरावा नाही. ही कथा मध्ययुगातल्या लिखाणात दिसते. आज पर्यटकांना दिसणारा तट तर उस्मानी सुलतान सुलेमानाने 16व्या शतकात बांधून घेतलेला. बाबिली तालमूद या यहुदी धर्मग्रंथातही सुईच्या नाकातून जाणारा हत्ती आहे. अशक्य गोष्ट सांगायची ती रीतच होती.

खरे नुकसान अर्थाचे होते. मार्क 10:17 नीट वाचा: तो धनवान माणूस धावत येऊन येशूपुढे गुडघे टेकतो, आणि 22व्या वचनात खिन्न होऊन निघून जातो. म्हणजे गुडघे आधीच टेकले होते! शिष्य थक्क होऊन विचारतात, मग तारण कोणाचे होणार? उत्तर स्पष्ट आहे: माणसांना अशक्य, देवाला नाही. दरवाजाची कथा मात्र अशक्याचे ‘जरा अवघड’ करते आणि नम्रतेलाच आपली कमाई बनवते. उपदेश करणाऱ्यांनी 25वे वचन सुटे घेऊ नये. 13 ते 27 सलग वाचावे, कारण रिकाम्या हातांनी येणारी बालके त्याच्या आधीच आहेत.